‘टाका पासवर्ड, व्हा पुढे’ हा सल्ला बंद करा

संगणक पुन्हा पुन्हा पासवर्ड मागतो अशी तक्रार घेऊन कुणाही जाणकाराकडे जा, उत्तर ठरलेलं असतं. ‘सुरक्षेसाठी आहे ते. टाका पासवर्ड आणि व्हा पुढे, दोन सेकंदांचं तर काम.’ तक्रार करणारा अडून बसला की दुसरं वाक्य येतं, ‘तुम्हीच मध्ये कधीतरी पासवर्ड बदलला असणार आणि विसरला असणार.’ तेवढ्यानेही तो हलला नाही की तिसरं, ‘मग असं करा, त्या कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवा. आयुष्यात परत विचारणार नाही.’ कंपनीच्या आयटी विभागात, दुरुस्तीच्या दुकानात, सोसायटीतल्या संगणक शिकलेल्या मुलाच्या तोंडी हीच वाक्यं याच क्रमाने ऐकू येतात. पहिलं खोटं आहे, दुसरं अन्यायाचं आहे आणि तिसरं सरळसरळ धोक्याचं आहे. पण ती इतक्या ठामपणे बोलली जातात की ऐकणारा स्वतःलाच कमी समजून गप्प बसतो आणि पुढची कित्येक वर्षं रोज सकाळी तीच चौकट भरत राहतो.

ही चौकट मुळात येते कुठून, ते आधी पाहू. हे एकदा कळलं की त्या तिन्ही वाक्यांतला जोर निम्मा तिथेच संपतो.

जतन केलेले पासवर्ड सांभाळणारी यंत्रणा आता प्रत्येक संगणकात असते. मॅकवर तिला कीचेन म्हणतात, उबुंटूसारख्या लिनक्सवर ग्नोम कीरिंग, केडीई वापरणाऱ्यांकडे केवॉलेट, विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजर. कीचेनचं मूळ ॲपलच्या 1993 च्या पॉवरटॉक या निरोपव्यवस्थेत आहे. ती व्यवस्था बाजारात टिकली नाही, पण तिच्यातली एक कल्पना टिकली आणि 1999 मध्ये मॅक ओएस 9 बरोबर लोकांपर्यंत पोचली. वेगवेगळ्या सेवांचे पासवर्ड एका कुलूपबंद जागी ठेवायचे, ती जागा एकदा उघडायची आणि त्यानंतर माणसाला त्रास द्यायचा नाही. ‘एकदाच विचारणं’ हेच या यंत्रणेचं जन्मकारण आहे. तीच यंत्रणा दिवसातून दहा वेळा विचारू लागली, तर तिचं काम चोख चाललंय असं म्हणायचं की ती बिघडली आहे असं?

कीचेन म्हणजे एक एन्क्रिप्ट केलेली फाइल. तिला स्वतःचा पासवर्ड असतो. तुम्ही संगणकात लॉगिन करता तेव्हा तुम्ही टाकलेला पासवर्ड संगणक गुपचूप या फाइलीलाही लावून पाहतो. दोन्ही सारखे असले की ती उघडते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. सगळं सुरळीत चालतं ते हे दोन पासवर्ड जुळतात म्हणून. ते दोन आहेत, हे मात्र कुणी सांगत नाही. घराचं दार आणि आतलं कपाट एकाच किल्लीने उघडत होतं, आणि एक दिवस कुणी फक्त दाराचं कुलूप बदललं. नवी किल्ली कपाटाला लागणार कशी?

दाराचं कुलूप बदलण्याचे प्रसंग नेहमीचेच आहेत. मॅकच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, जुना पासवर्ड देऊन तुम्ही स्वतः नवा ठेवलात, तर संगणक कीचेनचाही पासवर्ड बरोबर बदलतो. पण पासवर्ड विसरला म्हणून दुकानदाराने किंवा घरातल्या दुसऱ्या ॲडमिन खात्यावरून कुणी तो रीसेट केला, तर जुना पासवर्ड संगणकाला मिळतच नाही. मग कीचेन जुन्याच पासवर्डवर अडकून राहते. ऑफिसच्या सर्व्हरवर पासवर्ड बदलला, मॅकला त्याची खबर उशिरा लागली, की तेच. लिनक्सवर कारण आणखी साधं असतं. ऑटोलॉगिन चालू ठेवलं की संगणक पासवर्ड न विचारताच सुरू होतो, म्हणजे कीरिंगला लावायला हातात काहीच नसतं. बोटाच्या ठशाने लॉगिन केलं तरी तसंच. ठसा तुमची ओळख पटवतो, पण त्यातून पासवर्ड निघत नाही. मग क्रोम उघडल्याबरोबर लॉगिन कीरिंग उघडण्यासाठी पासवर्ड द्या, अशी चौकट समोर येते. क्रोमने आपल्या साठवलेल्या पासवर्डांची चावी त्या कीरिंगमध्ये ठेवलेली असते.

मॅकवर तर एकामागून एक मागणेकरी उभे राहतात. अकाउंट्सडी, कॅलेंडर एजंट, मेसेजेस एजंट, आयडेंटिटी सर्व्हिसेसडी. ज्यांची नावं सामान्य माणसाने आयुष्यात ऐकलेली नाहीत असे हे पडद्यामागचे प्रोग्राम ‘लॉगिन कीचेन वापरायची आहे, कीचेनचा पासवर्ड द्या’ म्हणून दारात येतात. रद्द केलं की पुन्हा येतात. नवा लॉगिन पासवर्ड टाकला की ‘चूक’ म्हणतात. तो माणूस चुकलेला नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की इथे जुना पासवर्ड लागतो.

आता पहिलं वाक्य घेऊ. सुरक्षेसाठी आहे म्हणतात. कुणापासून सुरक्षा? ज्याने आत्ताच लॉगिन केलं आहे, ज्याची मेल, फोटो, कागदपत्रं समोर उघडी पडली आहेत, त्या माणसाला कॅलेंडर चालू करताना अडवून कोणत्या चोराला रोखलं? कीचेनच्या पासवर्डचं खरं काम वेगळं आहे. लॅपटॉप चोरीला गेला, जुनी डिस्क भंगारात गेली, बॅकअपची प्रत कुणाच्या हाती लागली, तर ती फाइल वाचता येऊ नये, यासाठी तो आहे. ते काम फाइल एन्क्रिप्ट झाली तेव्हाच झालं. लॉगिननंतर एकदा ती उघडली की त्याच मालकाला त्याच सत्रात आणखी नऊ वेळा विचारल्याने त्या कामात कणभर भर पडत नाही. एखाद्याने मुद्दाम ‘पाच मिनिटं हात लावला नाही तर कुलूप लाव’ असं सेटिंग ठेवलं असेल तर ती त्याची निवड आहे आणि मी तिच्या आड येणार नाही. इथे गोष्ट त्यांची चालली आहे ज्यांनी असं काहीही निवडलेलं नाही.

उलट या वारंवार विचारण्याने सुरक्षा कमी होते, आणि या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त राग येतो. जी चौकट रोज येते ती माणूस वाचत नाही. तिच्यात कुणाचं नाव आहे, कशासाठी मागतात, हे बघणं तिसऱ्या दिवशी थांबतं. बोटं आपोआप पासवर्ड टाइप करतात. आणि नेमकी हीच सवय चोराला हवी असते. 2023 मध्ये मॅकवर ‘ॲटॉमिक स्टीलर’ नावाचं घातक सॉफ्टवेअर पसरू लागलं. ते कुठलंही कुलूप फोडत नाही. पडद्यावर संगणकाच्या चौकटीसारखीच चौकट आणतं, लॉगिन पासवर्ड मागतं, टाकलेला पासवर्ड बरोबर आहे की नाही ते तपासतं, चुकीचा असला तर पुन्हा मागतं, आणि बरोबर मिळाला की कीचेनची फाइल उचलून पाठवून देतं. ज्याला रोज सकाळी खऱ्या चौकटीत सहा वेळा पासवर्ड टाकायची सवय लावली आहे, त्याला सातवी चौकट खोटी आहे हे कसं ओळखू यावं? ‘टाका आणि व्हा पुढे’ म्हणणाऱ्या माणसाने चोराचं काम फुकटात करून दिलेलं असतं.

हे नवं नाही. फेलिक्स क्राउस या प्रोग्रामरने 2017 मध्ये दाखवून दिलं होतं की आयफोनवर कुठलंही ॲप ॲपलच्या पासवर्ड चौकटीची हुबेहूब नक्कल दाखवू शकतं आणि ती ओळखणं माणसाला जवळजवळ अशक्य आहे. त्याच्याही कितीतरी आधी, 1980 च्या दशकात, अमेरिकेच्या संरक्षण खात्याने संगणकांसाठी जे निकष लिहिले, ज्यांना ‘ऑरेंज बुक’ म्हणतात, त्यांच्या वरच्या पायऱ्यांवर एक अट होती. पासवर्ड मागणारा खरा संगणकच आहे याची वापरकर्त्याला खात्री करून घेता आली पाहिजे, मध्ये दुसऱ्या कुणाला घुसता येता कामा नये. 1993 च्या विंडोज एनटीमध्ये लॉगिनच्या आधी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबायला लावत ते याचसाठी. त्या तीन कळांचा मेळ दुसरा कुठलाही प्रोग्राम मध्येच पकडू शकत नसे, म्हणून त्यानंतर येणारी चौकट खरी. म्हणजे प्रश्न काय आहे हे या क्षेत्राला चाळीसेक वर्षांपासून माहीत आहे. आणि आज आपण काय करतो? माणसाला कुठल्याही खिडकीत, कुठल्याही नावाखाली, केव्हाही लॉगिनचा पासवर्ड टाकायला शिकवतो, आणि त्याला सुरक्षा म्हणतो.

विचारून विचारून माणसाला थकवता येतं हेही सिद्ध झालेलं आहे. सप्टेंबर 2022 मध्ये उबर कंपनीत घुसखोरी झाली. हल्लेखोराकडे एका कंत्राटी कर्मचाऱ्याचा पासवर्ड होता, पण फोनवर येणारी परवानगी त्याला मिळत नव्हती. तो पुन्हा पुन्हा लॉगिनचा प्रयत्न करत राहिला, त्या माणसाच्या फोनवर परवानगीच्या विनंत्या येत राहिल्या, आणि शेवटी त्याने एक मान्य केली. ती चौकट वेगळ्या यंत्रणेची होती, पण समोरचं मन तेच, माणसाचं. मायक्रोसॉफ्टनेही हा धडा किंमत मोजून घेतला. 2007 साली आलेली व्हिस्टा प्रत्येक बारीक कामाला ‘परवानगी आहे का?’ विचारायची. लोक न वाचता होकार देत सुटले किंवा ती सोयच बंद करू लागले, आणि 2009 च्या विंडोज 7 मध्ये कंपनीला हे विचारणं मुद्दाम कमी करावं लागलं. जास्त विचारणं म्हणजे जास्त सुरक्षा असती, तर जगातली इतकी मोठी कंपनी मागे का आली असती?

आता दुसरं वाक्य. तुम्हीच विसरला असणार. या वाक्यात आपल्याकडचा एक जुना माज आहे, शिकलेल्याने न शिकलेल्याकडे बघण्याचा. ज्याला संगणक येतो तो शहाणा, ज्याला अडचण येते तो बावळट. ॲन ॲडम्स आणि अँजेला सॅस या दोघींनी 1999 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचं नावच ‘वापरकर्ते शत्रू नाहीत’ असं होतं. माणसं नियम मोडतात ती निष्काळजी असतात म्हणून मोडत नाहीत. व्यवस्था त्यांच्यावर पाळता येणार नाही असं ओझं टाकते आणि कारण समजावून सांगत नाही, म्हणून मोडतात, हे त्यांनी दाखवलं. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच संशोधन विभागातल्या कॉर्मॅक हर्ली यांनी त्याच्या पुढे जाऊन मांडलं की सुरक्षेचे पुष्कळसे सल्ले लोकांनी धुडकावणं हे व्यवहाराच्या हिशेबाने शहाणपणाचं असतं, कारण त्या सल्ल्यांनी खाल्लेला वेळ हा वाचलेल्या नुकसानापेक्षा मोठा असतो. ‘दोन सेकंदांचं काम’ म्हणणाऱ्यांनी ते दोन सेकंद सगळ्या माणसांच्या सगळ्या दिवसांशी कधी गुणून पाहिले आहेत का?

आणि विसरण्याचा आरोप करण्याआधी ती चौकट एकदा वाचा. ‘कीचेनचा पासवर्ड’. साठीतल्या एखाद्या बाईंच्या घरात आज किती पासवर्ड असतात? संगणकाचा, ॲपल खात्याचा, जीमेलचा, वायफायचा, बँकेचा. यांतला कीचेनचा कुठला? त्यांनी असा पासवर्ड कधी ठेवलाच नाही, तो लॉगिनच्या वेळी आपोआप ठरला. मग त्या काय करतात? एकेक करून सगळे टाकून पाहतात. एका अनोळखी नावाच्या प्रोग्रामच्या चौकटीत घरातले सगळे पासवर्ड, बँकेच्यासकट. यात दोष त्या बाईंचा, की ‘तुमचा आधीचा लॉगिन पासवर्ड द्या’ हे पाच शब्द न लिहिणाऱ्या कंपनीचा?

ऑफिसांची गोष्ट तर याहून वाईट. दर 90 दिवसांनी पासवर्ड बदलायलाच हवा असा नियम करायचा, त्यामुळे दर 90 दिवसांनी कीचेन आणि लॉगिन यांची फारकत होण्याचा धोका उभा राहणार, आणि ती झाली की कर्मचाऱ्याला विसरभोळा म्हणायचं. हा नियम कशाच्या आधारावर आहे? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 मध्ये आपल्याच विद्यापीठातल्या 7,700 हून अधिक खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. मुदत संपली म्हणून बदललेला नवा पासवर्ड जुन्यावरून ओळखता येतो का, हे त्यांना पाहायचं होतं. 41 टक्के नवे पासवर्ड काही सेकंदांत निघाले. माणसं शेवटचा आकडा एकने वाढवतात, दुसरं काय करणार? अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेने, निस्टने, 2017 मध्ये लेखी सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका. पासवर्ड फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच लावा. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या आपल्या शिफारशींतून ही मुदत काढून टाकली. तरीही आपल्याकडच्या कितीतरी कचेऱ्यांत आणि बँकांत हा नियम धर्माज्ञेसारखा पाळला जातो, आणि त्याने होणाऱ्या बिघाडाचं खापर माणसांच्या स्मरणशक्तीवर फोडलं जातं.

मेलच्या बाबतीत तर पासवर्ड अगदी बरोबर असूनही माणूस दोषी ठरला. 30 मे 2022 पासून गूगलने नुसत्या नाव-पासवर्डावर चालणाऱ्या बाहेरच्या मेल प्रोग्रामांना वैयक्तिक खात्यांत शिरकाव बंद केला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनवर तसंच करायला सुरुवात केली. जुन्या पद्धतीने जोडलेला मेल प्रोग्राम त्यानंतर बरोबर पासवर्डही नाकारायचा आणि पुन्हा मागायचा. हजार वेळा टाकला तरी तो चालणार नव्हता. त्यावर इलाज वेगळाच होता, खातं काढून ब्राउझरमधून साइन-इन करून पुन्हा जोडणं, किंवा जीमेलसाठी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून ॲप पासवर्ड घेणं. विंडोजवर क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये बसलेली जुनी नोंद काढून टाकणं. हे सांगण्याऐवजी ‘नीट टाइप करा, कॅप्स लॉक बघा’ म्हणून किती लोकांना परत पाठवलं गेलं असेल!

तिसरं वाक्य सगळ्यात घातक. रिकामा पासवर्ड ठेवा. ग्नोम कीरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवला की ती फाइल एन्क्रिप्ट होतच नाही. त्यातले पासवर्ड साध्या मजकुरात डिस्कवर पडून राहतात. चौकट बंद झाली हे खरं, पण चौकट ज्याच्यासाठी होती ते सगळंच बंद झालं. याच सल्ल्याची एक बहीण आहे, क्रोमला ‘बेसिक’ साठवण वापरायला लावणं. लिनक्सवर तसं केलं की क्रोम कीरिंगला हात लावत नाही आणि पासवर्ड एका ठरावीक शब्दाच्या आधारे झाकून ठेवतो. तो शब्द आहे ‘पीनट्स’, शेंगदाणे. क्रोम ज्यावर बेतलेला आहे त्या क्रोमियमच्या सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडमध्ये तो लिहिलेला आहे, आणि जगातल्या अशा प्रत्येक संगणकावर तोच. याला कुलूप म्हणायचं?

यावर सल्ला देणारे म्हणतात, ‘घरचा तर संगणक आहे, कोण बघतंय?’ लॅपटॉप घरात जन्मभर राहतो का? तो लोकलच्या रॅकवर राहतो, एसटीत चोरीला जातो, पडदा फुटला की लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुरुस्तीला जातो, चार वर्षांनी नातेवाइकाला दिला जातो किंवा विकला जातो. डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडणं हे पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याला लॉगिन पासवर्ड लागत नाही. त्या दिवशी त्या रिकाम्या पासवर्डाची किंमत कळते. ज्याची संपूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे आणि जो दर वेळी सुरुवातीला तिचा पासवर्ड टाकतो, त्याचा धोका यात कमी असतो. पण हा सल्ला देणाऱ्यांपैकी ‘तुमची डिस्क एन्क्रिप्टेड आहे का?’ असं आधी कोण विचारतं?

‘कीचेन उडवून टाका’ हा सल्लाही याच जातीचा. फाइल पुसा, नवी होईल. होईल, पण जुन्या पासवर्डने जे उघडलं असतं ते सगळं हातचं घालवून. आणि ‘संगणकात पासवर्ड ठेवूच नका, वहीत लिहा’ म्हणणाऱ्यांना एवढंच म्हणेन की तसं केल्यावर माणसं सगळीकडे एकच सोपा पासवर्ड ठेवतात. लांब, वेगवेगळे, न आठवणारे पासवर्ड शक्य झाले ते याच यंत्रणांमुळे. बिघाड झाला तर दुरुस्त करायचा. चांगली वस्तू फेकायची कशाला?

आणि दुरुस्ती अवघड नाही. मॅकवर रीसेटनंतरच्या पहिल्या लॉगिनला संगणक अनेकदा विचारतो की कीचेनचा पासवर्ड अद्ययावत करायचा, नवी कीचेन बनवायची की तसंच पुढे जायचं. घाईत माणूस ‘तसंच पुढे’ निवडतो आणि तिथेच पुढच्या सगळ्या चौकटींची पेरणी होते. तिथे पहिला पर्याय निवडून जुना लॉगिन पासवर्ड दिला की काम संपलं. ती वेळ निघून गेली असेल तर कीचेन ॲक्सेस उघडा, ‘लॉगिन’ कीचेन निवडा, मेनूतून तिचा पासवर्ड बदला. आधी जुना लॉगिन पासवर्ड, मग आत्ताचा. तिथेच तिच्या सेटिंग्जमध्ये काही मिनिटांनी किंवा झोपेच्या वेळी कुलूप लावण्याची खूण नकळत पडली आहे का, तेही पाहा. चौकट एकाच ॲपची येत असेल तर ते ॲप ओळखीचं आहे याची खात्री करून ‘ऑलवेज अलाउ’ निवडा; नुसत्या ‘अलाउ’ने एकाच वेळची परवानगी मिळते, मग ती पुन्हा मागणारच. जुना पासवर्ड काही केल्या आठवत नसेल तरच डीफॉल्ट कीचेन रीसेट करा, आणि तसं करताना जुन्या कीचेनमधलं आता वाचता येणार नाही, हे माणसाला आधी स्पष्ट सांगा. आयक्लाउड कीचेन चालू असेल तर त्यातले पासवर्ड परत येतात, एवढा दिलासा आहे.

उबुंटूवर ‘पासवर्ड्स अँड कीज’ उघडायचं, ‘लॉगिन’वर उजवी टिचकी, पासवर्ड बदला, आणि तो आत्ताच्या लॉगिन पासवर्डसारखाच ठेवायचा. ऑटोलॉगिन बंद करायचं. बोटाचा ठसा वापरत असाल तर संगणक सुरू केल्यावर पहिल्यांदा पासवर्ड टाकायचा, ठसा नंतर. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर डिस्कचा आणि कीरिंगचा पासवर्ड एकच ठेवून ऑटोलॉगिनमध्येही कीरिंग आपोआप उघडण्याची सोय ग्नोमच्या लॉगिन-व्यवस्थेत आहे. म्हणजे बनवणाऱ्यांना हा प्रश्न माहीत आहे आणि उत्तरही माहीत आहे. ते सामान्य माणसापर्यंत पोचवायची तसदी कुणी घेतलेली नाही.

ती तसदी घ्यायलाच हवी. चौकट बनवणाऱ्या कंपन्यांनी तिच्यावर स्वच्छ लिहावं की कुठला पासवर्ड हवा, लॉगिनचा आत्ताचा की आधीचा, कोणता प्रोग्राम कशासाठी मागतो आहे, आणि दोन पासवर्ड वेगळे पडले आहेत म्हणून ही चौकट येते आहे. दोनदा रद्द केलं तर तिसऱ्यांदा तीच चौकट पुढे करण्याऐवजी ‘हे कायमचं दुरुस्त करा’ असं बटण द्यावं. ॲपलने 2024 मध्ये ‘पासवर्ड्स’ नावाचं नवं, देखणं ॲप आणलं आणि कीचेन ॲक्सेस सिस्टिमच्या आतल्या फोल्डरात हलवलं; दुरुस्तीचं हत्यार लोकांच्या हातापासून दूर नेण्यात कुणाचं भलं झालं? मराठीत, हिंदीत या चौकटी वाचणाऱ्या माणसाला ‘कीचेन’ म्हणजे काय हे त्याच्या भाषेत एका वाक्यात सांगायला काय अडचण आहे?

आणि आयटी विभागांनी 90 दिवसांचा नियम मोडीत काढावा. ज्याचा पासवर्ड तुम्ही रीसेट केलात त्याची कीचेन जुळवून देणं हे तुमचंच काम आहे, त्याचं नव्हे. दुकानदारांनीही पासवर्ड उघडून दिल्याचे पैसे घेताना तेवढं करूनच यंत्र परत द्यावं. तक्रार ‘सुटली’ अशी नोंद करण्याआधी त्या माणसाचा संगणक बंद करा, पुन्हा सुरू करा, त्याला स्वतःला लॉगिन करू द्या, मेल आणि ब्राउझर उघडू द्या, आणि एकही चौकट येत नाही हे त्याच्या शेजारी उभं राहून पाहा.